जुना लेथ : आधी ओळख, मग दुरुस्ती

लेथ म्हणजे धातूचे काम फिरते ठेवून त्याला हत्याराने सोलणारे यंत्र. पंपाचा शाफ्ट, बुश, पुली, बोल्टचे आटे अशा गोल कामांना त्यावर आकार मिळतो. लाकूड कातण्याची कला फार जुनी आहे. धातूच्या लेथला आजचे रूप मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. लंडनच्या हेन्री मॉडस्लीने १८०० च्या सुमारास लोखंडी बेड, हत्यार पक्के धरणारी सरकती बैठक आणि ती बैठक ठरावीक गतीने ओढणारा लीड स्क्रू यांची एका यंत्रात भक्कम जुळणी केली. हे भाग सुटे सुटे आधीही माहीत होते. मॉडस्लीच्या जुळणीमुळे एकाच मापाचे आटे पुन्हा पुन्हा पाडता येऊ लागले. तेव्हापासून मूळ रचना इतकी कमी बदलली आहे की १९३० सालचा लेथ आजच्या टर्नरला अनोळखी वाटत नाही. म्हणूनच जुना लेथ पुन्हा चालू करणे हे नवशिक्यालाही झेपणारे काम आहे.

रचना थोडक्यात अशी. डाव्या हाताला हेडस्टॉक, त्यात फिरणारा स्पिंडल आणि स्पिंडलच्या तोंडावर काम पकडणारा चक. उजवीकडे कामाच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा टेलस्टॉक. दोन्हींना एका रेषेत धरणारा बिडाचा लांब बेड. बेडच्या घासून सपाट केलेल्या गाइडवेवरून कॅरेज सरकते, कॅरेजवर आडवी चालणारी क्रॉस स्लाइड, तिच्यावर कंपाउंड स्लाइड आणि टूलपोस्ट. बेडच्या पुढच्या अंगाला लीड स्क्रू असतो. कॅरेजमधला हाफ नट त्याला पकडतो तेव्हा आटे पडतात. स्पिंडलची गती लीड स्क्रूपर्यंत नेणारी गिअरची साखळी डाव्या टोकाला असते. तिच्यातले गिअर बदलले की आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, बदलतो.

नवशिक्याची पहिली चूक बहुधा सारखीच असते. यंत्र घरी येताच पाने घेऊन तो खोलायला बसतो. खरे तर यंत्र कोणाचे, कोणत्या काळातले, त्यात मुळात काय होते आणि आता काय नाही, हे कळल्याशिवाय एकही स्क्रू सैल करू नये. ओळख पटली की सुट्या भागांचा तक्ता, तेलाची जागा, बेअरिंगची जात, पान्याचे माप हे सारे आपोआप उलगडत जाते. ओळख न पटताच केलेल्या दुरुस्तीत मूळ भाग कायमचे बिघडतात.

पाटी, क्रमांक आणि बोल्ट

ओळखीचा पहिला पुरावा म्हणजे नाव. ते हेडस्टॉकच्या झाकणावर, बेडच्या पोटावर किंवा पायात ओतलेले असते, नाहीतर पितळी पाटीवर कोरलेले. पण पाटी नेहमी बनवणाऱ्याचीच असेल असे नाही. अमेरिकेत सिअर्स कंपनी ‘क्राफ्ट्समन’ नावाने लेथ विकत असे. त्यांतले बरेचसे मिशिगनमधील कॅलामाझूच्या अ‍ॅटलस प्रेस कंपनीने बनवलेले होते. मॉडेल क्रमांकाची सुरुवात १०१ ने होत असेल तर तो लेथ अ‍ॅटलसचा समजावा. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची आल्फ्रेड हर्बर्ट ही कंपनी स्वतः यंत्रे बनवी आणि इतरांचीही विकी. त्यामुळे विक्रेत्याची पाटी वाचून कारखाना ठरवू नये. बेडवर किंवा पाटीवर वर टोक केलेल्या रुंद बाणासारखी खूण दिसली, तर ते यंत्र कधीकाळी ब्रिटिश सरकारच्या मालकीचे होते एवढे नक्की.

दुसरा पुरावा ठोकलेला क्रमांक. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड लेथ वर्क्सचे उदाहरण इथे उपयोगी पडते, कारण नवशिक्यांच्या हाती येणाऱ्या जुन्या लेथमध्ये तिची नऊ इंची यंत्रे फार आहेत. जॉन आणि माइल्स ओब्रायन या जुळ्या भावांनी १९०६ मध्ये ही कंपनी सुरू केली. तिचा अनुक्रमांक बेडच्या टेलस्टॉककडच्या टोकाला, वरच्या बाजूला, गाइडवेंच्या मधल्या जागेत ठोकलेला असतो. तिथे साचलेला तेलाचा थर रॉकेलने पुसला की आकडे दिसतात. पुढच्या अंगाच्या पाटीवर कॅटलॉग क्रमांक आणि बेडची लांबी असते. या नऊ इंची लेथचे अ, ब, क असे तीन प्रकार होते. अ प्रकारात तरफ सरकवून पिच बदलणारी गिअरपेटी. ब प्रकारात ती पेटी नाही, पण क्रॉस स्लाइडला यंत्राची गती मिळते. क प्रकारात दोन्ही नाहीत, गिअर हाताने बदलायचे. यावरून एक गोष्ट लगेच कळते. क प्रकारच्या लेथसोबत चेंज गिअरचा संच आला नसेल, तर तो लेथ आटे पाडण्याच्या दृष्टीने अर्धाच आहे.

मापांच्या बाबतीत सावध राहावे लागते. अमेरिकन ‘नऊ इंची’ लेथ म्हणजे बेडवर नऊ इंच व्यासाचे काम फिरू शकते असा. ब्रिटिश पद्धतीत बेडपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतची उंची सांगतात. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन गावी १९३४ मध्ये सेसिल मूर यांनी सुरू केलेल्या मायफर्ड कंपनीचा १९४६ चा एमएल७ हा साडेतीन इंची लेथ सात इंच व्यासाचे काम घेतो. भारतीय बाजारात तर लेथ बेडच्या लांबीवरून ओळखला जातो : साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी. विकणारा कोणत्या पद्धतीने बोलतो आहे हे न विचारता केलेला सौदा फसतो.

पाटी गेली, क्रमांक घासला गेला, तरी यंत्र बरेच सांगते. मूळ बोल्ट हा त्यातला सर्वांत विश्वासू साक्षीदार. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवलेल्या ब्रिटिश आट्यांचा कोन ५५ अंश, तर विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये मांडलेल्या अमेरिकन आट्यांचा ६० अंश. अर्धा इंची बोल्टला इंचात १२ आटे असतील तर तो व्हिटवर्थ, १३ असतील तर अमेरिकन. पाव इंचाला दोन्हीकडे २० च आटे असतात, म्हणून लहान स्क्रूवरून निर्णय घेऊ नये. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा डोक्याची रुंदी सांगत नाही, बोल्टच्या दांड्याचा व्यास सांगतो. अमेरिकन इंची किंवा मेट्रिक पाना जबरदस्तीने लावला की बोल्टची डोकी गोल होतात. जुन्या यंत्रांवर अशी बिघडलेली डोकी पावलोपावली दिसतात.

काळाच्या खुणाही आहेत. रुंद सपाट पट्ट्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची पुली असेल, तर यंत्र छताखालच्या लाइन शाफ्टवर चालणाऱ्या काळातले किंवा त्या परंपरेतले. पायाने चालवायचे लेथही होते. वेंडेल नॉर्टनने झटपट पिच बदलणाऱ्या गिअरपेटीचे पेटंट १८९२ मध्ये घेतले. तशी पेटी असलेला लेथ त्याआधीचा नाही. उघडे गिअर आणि साधी बुश बेअरिंग जुनेपणा दाखवतात, तर रोलर बेअरिंग आणि व्ही बेल्ट नंतरचा काळ. अ‍ॅटलसच्या काही लेथमध्ये टिमकेन बेअरिंगच्या कड्यावर तारीख कोरलेली सापडते. बेडचा आकारही बोलतो : अमेरिकन लेथना बहुधा उलट्या व्ही आकाराचे गाइडवे, जुन्या ब्रिटिश लेथना पुष्कळदा सपाट. सरेमधल्या गिल्डफर्डच्या ड्रमंड बंधूंनी तर नळीसारखा गोल बेडही काढला होता. त्यांच्याच ‘एम’ प्रकारच्या लेथचे उत्पादन दुसऱ्या महायुद्धात मायफर्डकडे गेले, म्हणून एकाच यंत्रावर दोन वंशांच्या खुणा आढळू शकतात.

महाराष्ट्रात मिळणाऱ्या जुन्या लेथमध्ये परदेशी यंत्रांबरोबर किर्लोस्कर आणि एचएमटी यांची नावे ठळक आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. पुढे त्याच घराण्याची म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी १९४१ मध्ये हरिहर येथे उभी राहिली आणि तिच्या लेथनी देशभरच्या वर्कशॉपांत जागा मिळवली. एचएमटीची स्थापना १९५३ मध्ये बंगळूरला, स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या साहाय्याने झाली. देशात दशमान मापांचा कायदा १९५६ चा. हातचाकाच्या डायलवर आणि लीड स्क्रूवर इंची खुणा असतील, तर यंत्र त्या बदलाच्या आधीचे किंवा लगेच नंतरचे असण्याची शक्यता मोठी. इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडता येत नाहीत हा समज चुकीचा आहे. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट १२७; म्हणून १२७ दातांचा गिअर साखळीत घातला की मेट्रिक आटे अचूक पडतात. जुन्या यंत्राच्या खोक्यात हा मोठा गिअर सापडणे ही भाग्याची गोष्ट आहे.

काय पाहून घ्यावे

यंत्र विकत घेण्याआधीची तपासणी अर्ध्या तासात होते आणि पुढचे पैसे वाचवते. लेथवरचे बहुतेक काम चकच्या जवळ होते, त्यामुळे बेड हेडस्टॉककडे जास्त झिजतो. कॅरेजचा लॉक चकजवळ असा घट्ट करावा की ती जेमतेम सरकेल; मग ती टेलस्टॉककडे न्यावी. मध्येच अडकली तर तेवढी झीज आहे. गाइडवेवर नखाला पायरी लागते का तेही पाहावे. लीड स्क्रूचे आटे चकजवळ आणि उजव्या टोकाला तुलना करून बघावेत. चकजवळचे धारदार, पातळ झाले असतील तर पुष्कळ आटे पाडून झाले आहेत.

स्पिंडलसाठी चकमध्ये भक्कम दांडा पकडून तो वर उचलावा आणि चकच्या मागे लावलेला डायल गेज वाचावा. चांगल्या साध्या बेअरिंगमध्ये काटा एका थाऊच्या, म्हणजे हजारांश इंचाच्या, आसपास हलतो. याहून बराच जास्त हलला तरी घाबरायचे कारण नाही. पुष्कळदा ते बेअरिंगमधल्या शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, काढून भरून येते. खरी भीती तडा गेलेल्या बिडाची. बीड ठिसूळ असते, पडलेल्या यंत्राचा पाय, हेडस्टॉकची टोपी किंवा गिअरचा कंस फुटलेला असतो आणि वर रंगाचा जाड थर देऊन ते लपवलेले असते. ताज्या चकचकीत रंगाच्या लेथकडे, याच कारणाने, तेलकट काळ्या लेथपेक्षा जास्त संशयाने पाहावे.

बॅक गिअरचे, म्हणजे स्पिंडलचा वेग कमी करणाऱ्या गिअरजोडीचे, दात मोजावेत. घट्ट बसलेला चक काढताना स्पिंडल अडवण्यासाठी लोक बॅक गिअर गुंतवतात आणि दात उडतात. ही या यंत्रांची सर्वांत सामान्य जखम आहे. अ‍ॅटलसच्या लेथमध्ये अनेक भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले आहेत. ते तडकलेले किंवा फुगलेले असतील तर दुरुस्त होत नाहीत, बदलावेच लागतात. तुटलेला गिअर नव्याने पाडून घेता येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी असे काम करणारे कारागीर आहेत. त्यांना दातांची संख्या सांगून भागत नाही. साउथ बेंडच्या नऊ इंची लेथचे गिअर १८ डीपीचे (डीपी, म्हणजे डायमेट्रल पिच, हे दातांचे माप), मायफर्डचे २० डीपीचे, आणि दोन्हींचा दाबकोन साडेचौदा अंश आहे. आजचे कटर बहुधा २० अंशांचे असतात. कोन जुळला नाही तर नवा गिअर आवाज करतो आणि जुन्याला खातो.

सोबत काय काय मिळते यावर किंमत ठरवावी. तीन जॉचा आणि चार जॉचा चक, फेसप्लेट, स्टेडी रेस्ट, सेंटर आणि चेंज गिअर नंतर एकेक करून जमवायला लेथहून जास्त पैसे लागू शकतात. बेड थोडा झिजलेला पण संच पूर्ण असलेला लेथ नवशिक्याने निवडावा. चांगल्या बेडचा पण सोबत काहीच नसलेला लेथ अनुभवी माणसाला सोडावा.

नेताना लक्षात ठेवायचे ते वजन. हेडस्टॉककडे भार जास्त असल्याने लेथ सहज कलंडतो. कॅरेज आणि टेलस्टॉक उजव्या टोकाला नेऊन तिथे लॉक करावेत, दोर बेडखालून घ्यावा. लीड स्क्रू, स्पिंडल किंवा हातचाक धरून यंत्र उचलू नये. वाकलेला लीड स्क्रू पुन्हा सरळ होत नाही.

खोलणे

घरी आल्यावर विजेला हात लावण्याची घाई नको. जुन्या तारांचे आवरण सुकून पडलेले असते आणि अर्थिंग बहुधा नसतेच. अमेरिकन लेथची मूळ मोटर ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. ती इथल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या विजेवर लावता येत नाही. तिच्या जागी मिनिटाला १४४० फेऱ्यांची भारतीय मोटर बसवली की स्पिंडलचा वेग सुमारे एक षष्ठांश कमी होतो, आणि नवशिक्याला तो सोयीचाच पडतो. जुनी मोटर मात्र जपून ठेवावी.

खोलण्यापूर्वी प्रत्येक बाजूने फोटो काढावेत. प्रत्येक उपसंचाचे भाग वेगळ्या पिशवीत, चिठ्ठीसह. शिम कोणत्या बोल्टखालून निघाल्या ते लिहून ठेवणे सर्वांत महत्त्वाचे, कारण बेअरिंगची फट त्यांच्यावरच ठरलेली असते. टेपर पिन एका बाजूनेच निघते. दोन्ही तोंडे मोजून बारीक तोंडावर पितळी दांडा ठेवून ठोकावे. नट उलट्या आट्यांचा असू शकतो, हे जोर वाढवण्याआधी तपासावे. गंजलेल्या जोडावर तेल टाकून रात्रभर थांबणे आणि मग हलकी उष्णता देणे, या दोन उपायांनी जे निघते ते लांब पाइप लावून काढू नये.

अडकलेल्या चकसाठी बॅक गिअर वापरू नये. स्पिंडल डाव्या टोकाकडून किंवा पट्ट्याने धरावा, जॉमध्ये षटकोनी दांडा पकडून त्याला लांब पाना लावावा आणि छोटे झटके द्यावेत.

साउथ बेंडच्या नऊ इंची लेथमध्ये एक खास खबरदारी आहे. त्याचा कडक केलेला स्पिंडल थेट बिडाच्या छिद्रात फिरतो. खालून स्प्रिंगने दाबलेली लोकरी नमद्याची वात त्याला तेल पोचवते. स्पिंडल बाहेर काढण्याआधी तेलाच्या छिद्रातून तार घालून ती वात खाली दाबून धरावी लागते, नाहीतर ती स्पिंडलच्या खाचेत अडकून फाटते. जुनी वात तेलाने कडक होऊन निकामी झालेली असेल, तर वर कितीही तेल घातले तरी बेअरिंग कोरडेच राहते. या यंत्रांच्या दुरुस्तीत नव्या नमद्याइतका स्वस्त आणि उपकारक दुसरा भाग नाही. साध्या तेलाच्या कपात ग्रीस भरण्याची सवय आपल्याकडे आहे. तिने तेलाची वाट कायमची बुजते. स्पिंडलला हलके तेल, साधारण आयएसओ २२ दर्जाचे, आणि गाइडवेला ६८ दर्जाचे गाइडवे तेल वापरावे.

गंज, रंग आणि सोडून देण्याच्या गोष्टी

पहिली सफाई रॉकेल, ब्रश आणि जुन्या कापडाची. जे गंजासारखे दिसते त्यातले पुष्कळ सुकलेले तेल असते. खऱ्या गंजासाठी लहान भागांना विजेचा उपाय उत्तम : प्लास्टिकच्या बादलीत लिटरला चहाचा चमचाभर धुण्याचा सोडा, १२ व्होल्टच्या चार्जरचे ऋण टोक भागाला, धन टोक साध्या लोखंडाच्या पट्टीला. टोके उलटली तर भागच झिजू लागतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नये, कारण तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून बादली उघड्यावर ठेवावी आणि वीज बंद करूनच जोडण्या काढाव्यात. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचे भाग यात घालू नयेत. लिंबूसत्वाचे पाणीही चालते, पण कडक केलेल्या पोलादाला आणि बराच वेळ ठेवल्यास कोणत्याही भागाला ते घातक ठरते.

गाइडवेवर पॉलिशपेपर किंवा ग्राइंडर फिरवणे हा मात्र अक्षम्य प्रकार आहे. कारखान्यातल्या कारागिराने तो पृष्ठभाग हाताने स्क्रेपरने जुळवलेला असतो. त्याचे अर्धचंद्रासारखे ठसे अनेक जुन्या लेथवर अजून दिसतात. ते ठसे जिथे शाबूत आहेत तिथे मूळ पातळी शाबूत आहे. म्हणजे झीज मोजण्याचा तो आयता दाखला आहे. शिवाय एमरीचे कण मऊ बिडात रुततात आणि पुढे वर्षानुवर्षे कॅरेज घासत राहतात. गाइडवेवरचा गंज तेल लावून ब्लेड आडवे धरून खरवडावा, उठलेली कड बारीक ऑइलस्टोनने बसवावी. राहिलेला काळा डाग कामाला काहीच बाधा आणत नाही.

रंगाचा प्रश्न सर्वांना आवडतो आणि तोच सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरून चालावे; कोरडा घासून धूळ उडवू नये, रासायनिक रिमूव्हरने ओला काढावा, हातमोजे आणि मास्क वापरावेत. बिडाच्या खडबडीत ओतकामावर कारखान्यांनीच लांबी भरलेली असे, तेव्हा रंगाखाली भर दिसली की लगेच फसवणूक समजू नये. नवा रंग साध्या ऑइल इनॅमलचा पुरतो. गाइडवे, गिबच्या (स्लाइडची फट भरणाऱ्या पट्ट्यांच्या) जागा आणि तेलाची छिद्रे झाकून घ्यावीत. मूळ रंग आणि अक्षरे टिकून असलेले दुर्मीळ यंत्र मात्र रंगवूच नये. फक्त पुसून तेल लावलेले असे यंत्र जास्त मोलाचे.

झिजलेला बेड पाहून नवशिक्या खचतो, तेव्हा थोडे गणित मदतीला घ्यावे. २० मिलिमीटर व्यासाच्या कामावर हत्यार ०.१ मिलिमीटर खाली गेले, तर व्यासात फरक पडतो सुमारे ०.००१ मिलिमीटर. तेच हत्यार ०.१ मिलिमीटर आडवे सरकले तर व्यासात फरक ०.२ मिलिमीटर. म्हणजे आडवी चूक उभ्या चुकीच्या दोनशे पट भोवते. बेडची झीज जेवढी हत्याराला खाली नेते तेवढी ती माफ आहे. जी हत्याराला कामापासून दूर ढकलते तिची काळजी करावी. बेड ग्राइंड करून घेण्याचा खर्च, लेथ चालवून आणि मोजून पाहिल्याशिवाय, करू नये.

जुळणी आणि सरळपणा

पुन्हा जोडताना क्रम पाळावा : बेड, हेडस्टॉक, गिअर, कॅरेज, टेलस्टॉक. प्रत्येक भाग हाताने मोकळा फिरल्याशिवाय पुढचा चढवू नये. गिबचे स्क्रू असे बसवावेत की स्लाइड संपूर्ण लांबीत सारख्या जोराने चालेल. झिजलेल्या लेथवर चकजवळ नेमकी बसवलेली गिब उजव्या टोकाला अडकते. तिथे जेवढी सैल ठेवावी लागते तेवढी ठेवावी. हातचाकात अर्धी-पाव फेरी रिकामी जात असेल तर बहुधा क्रॉस स्लाइडचा पितळी नट संपलेला असतो आणि तो स्वस्तात नवा होतो.

यानंतरचे काम बहुतेक लोक टाळतात. तरीही लेथची अचूकता त्यावरच ठरते. बिडाचा बेड जाड दिसतो, पण असमान जमिनीवर बोल्टने आवळला की पिळतो. मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी लेव्हल आडवी ठेवून हेडस्टॉककडे आणि टेलस्टॉककडे वाचन घ्यावे. दोन्ही वाचने सारखी आली म्हणजे पीळ गेला. अशी लेव्हल वर्कशॉपातून उसनी मिळू शकते. यंत्र लाकडी टेबलावर असेल तर ऋतुमानाप्रमाणे हे पुन्हा तपासावे लागते.

खरा निकाल मात्र कापून लागतो. चकमध्ये २५ ते ३० मिलिमीटर जाडीचा दांडा दीडशे मिलिमीटर बाहेर ठेवून पकडावा, टेलस्टॉकचा आधार देऊ नये. मधला भाग बारीक करून दोन टोकांना दोन कडी ठेवावीत आणि हत्यार न हलवता दोन्ही अगदी हलक्या कापाने कापावीत. मायक्रोमीटरने मोजल्यावर बाहेरचे कडे मोठे आले, तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय थोडा उचलावा; लहान आले तर तोच पाय खाली घ्यावा. दोन्ही कडी सारखी येईपर्यंत हे चालू ठेवावे. टेलस्टॉकची रेषा त्यानंतर, दोन सेंटरमध्ये दांडा कापून जुळवावी. क्रम उलटा केला तर एका चुकीने दुसरी झाकली जाते.

आटे असलेल्या स्पिंडलवर चक उलट फिरवून जोराने काप घेतला तर चक सुटून बाहेर येतो. जुन्या लेथवर हे कधीही करू नये. बेल्ट आणि गिअर यांना जाळीचे झाकण, हाताशी येणारे लाल बटण आणि चकची चावी कधीही चकमध्ये न सोडण्याची शिस्त, हे पहिल्या कापाआधीच हवे. चालत्या लेथवर हातमोजे, अंगठी, बांगड्या, ओढणी आणि लांब बाही चालत नाही. आयटीआयमध्ये शिकलेल्या एखाद्या टर्नरला पहिल्या दिवशी शेजारी उभे करावे; पुस्तकात न सापडणारे बरेच काही त्याच्या कानाला चालत्या यंत्राच्या आवाजावरून कळते.

जुन्या यंत्रांची वाताहत बहुतेक वेळा गंजाने होत नाही, वर्कशॉपचा गाळा रिकामा करण्याच्या घाईने होते. बेड एकाकडे जातो, चक दुसऱ्याकडे आणि गिअर वजनावर भंगारात. घरात किंवा ओळखीत असा गाळा मोडीत निघत असेल, तर पाटीचा आणि बेडवरच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा, आणि चेंज गिअरचा डबा लेथपासून वेगळा होऊ देऊ नये.